पायाला माती लागू द्या, वायर नको : अर्थिंग आणि हृदय, नवख्यांसाठी

वायरमनच्या तोंडी 'अर्थिंग' म्हणजे घरामागचा खड्डा. मीठ आणि कोळशाचे थर, मधोमध जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, आणि उन्हाळ्यात माती सुकू नये म्हणून त्यात ओतलेलं पाणी. तीस वर्षं मी हेच अर्थिंग करत आलो. अलीकडे मात्र लोक हाच शब्द घेऊन वेगळंच विचारायला येतात. अनवाणी पायांनी मातीवर, गवतावर उभं राहायचं, शरीर जमिनीशी जोडायचं, म्हणजे बीपी उतरतं, रक्त पातळ होतं, हृदय सुधारतं, असं त्यांनी ऐकलेलं असतं. काहींनी त्यासाठी घरच्या अर्थिंगला वायरीने जोडायची चटईसुद्धा मागवलेली असते.

माझ्या थोरल्या भावानेही मागवली होती, अँजिओप्लास्टी झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात. चटई गादीवर, आणि तिची वायर उशाजवळच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात. "तू या कामातला आहेस, एकदा नजर टाकून जा," म्हणून दादाने बोलावलं. मी बोर्ड उघडला. घर जुनं. त्या भोकामागून जमिनीपर्यंत गेलेली वायरच नव्हती. कुणीतरी कधीतरी तिथून एक तुकडा न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीला, मारून ठेवला होता. अशा घरात बाहेर कुठे न्यूट्रल तुटली, की चालू पंख्या-दिव्यांतून फिरून २३० व्होल्ट त्या भोकावर येऊन बसतात. आणि दादा रोज रात्री त्याला जोडून झोपत होता.

त्या दिवसापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितोय. अनवाणी चालायला लागा, त्यात आनंद आहे आणि खर्च काही नाही. त्याने हृदयाचा आजार बरा होतो असं मात्र अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, म्हणून गोळ्या चालूच ठेवायच्या. आणि माती हवी असेल तर पायांनी चालत मातीपाशी जायचं.

आधी दावा नीट समजून घ्या

पृथ्वीच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, हे खरं आहे. निरभ्र दिवशी उघड्या मैदानात जमिनीपासून दर मीटर उंचीला साधारण १०० व्होल्टचा फरक असतो, आणि वर आयनावरणापर्यंत तो अडीच लाख व्होल्टच्या घरात जातो. जगभरात दर सेकंदाला सरासरी ४०-५० विजा चमकतात. त्या विजा आणि वादळी ढग मिळून जमिनीचा हा भार टिकवून ठेवतात. आपल्याला त्याचा धक्का बसत नाही, कारण हवा वीज जवळजवळ वाहूच देत नाही. एका चौरस मीटरमधून जमिनीकडे जो प्रवाह येतो, तो किती? अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग घ्या, त्याच्या जेमतेम दुप्पट.

इथपर्यंत पदार्थविज्ञान आहे. पुढचं म्हणणं असं, की रबरी तळव्यांमुळे आपली जमिनीशी असलेली जोड तुटली, पाय पुन्हा मातीला लागले की जमिनीतले इलेक्ट्रॉन शरीरात येतात, शरीरातली सूज-दाह कमी करतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटत नाहीत. हा तर्क आहे. तो चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही, पण तपासून पक्का झालेला नाही.

ही कल्पना आजच्या रूपात मांडली अमेरिकेतल्या क्लिंट ओबर यांनी. ते केबल टीव्हीच्या धंद्यातले. केबलला अर्थिंग नसेल तर पडद्यावर चित्र खराब येतं, हे त्यांना कामातून ठाऊक होतं. मग माणसालाही तसंच काही होत असेल का, असा विचार त्यांच्या मनात १९९८ च्या सुमारास आला. त्याच धाग्याचं काम केलेला माणूस म्हणून मला तो विचार कसा सुचला असेल हे कळतं. पुढे स्टीफन सिनात्रा नावाचे हृदयरोगतज्ज्ञ त्यांच्याबरोबर आले आणि हृदयाचा विषय त्यात पक्का बसला.

आता प्रयोग. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० निरोगी माणसांच्या तळहातांना आणि तळपायांना पट्ट्या लावून त्या बाहेर जमिनीत ठोकलेल्या सळीला जोडल्या, दोन तास. आधी आणि नंतर बोटातून थेंबभर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तांबड्या पेशींवरचा भार वाढला, त्या एकमेकींपासून सुट्या राहिल्या, असं नोंदवलं गेलं. 'अर्थिंगने रक्त पातळ होतं' हे वाक्य फिरतं ते मुख्यतः इथून. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात उच्च रक्तदाबाचे १० रुग्ण काही महिने घरी रोज दहा तास तरी जमिनीशी जोडलेले राहिले. वरचं बीपी सरासरी १४.३ टक्क्यांनी उतरलं. त्याआधी २०११ मध्ये २७ जणांवर, ४० मिनिटांचा, हृदयाच्या ठोक्यांमधल्या चढउताराचा प्रयोग झाला होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात अपुऱ्या दिवसांच्या २६ बाळांवर केलेल्या प्रयोगातही चांगल्या दिशेचे आकडे आले.

वाचताना माणूस हरखतो. पण दहा माणसं म्हणजे किती? आमच्या चाळीतल्या एका मजल्यावर त्याहून जास्त राहतात. २०१३ आणि २०१८ च्या त्या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे ज्यांना न कळता खोटी पट्टी लावली आहे अशी माणसं नव्हती. बीपी तर अशी गोष्ट, की कुणीतरी रोज आपुलकीने मोजतंय एवढ्यानेही ती चार आकडे खाली येते. अर्थिंगच्या संशोधनातल्या काही प्रमुख लेखकांचे, या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंध होते, आणि ते त्यांनी स्वतःच निबंधांत नोंदवले आहेत. त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत. पण हजारभर माणसांवर, तटस्थ लोकांनी केलेला, हार्ट अ‍ॅटॅक कमी झाले की नाही हे मोजणारा अभ्यास झालेला नाही, आणि तो होईपर्यंत गोळीच्या जागी माती ठेवता येत नाही.

याउलट साधं चालणं! त्याचे पुष्कळ प्रयोग एकत्र करून पाहिले गेले आहेत आणि नियमित चालण्याने वरचं बीपी सरासरी ४ च्या आसपास उतरतं असं निघालं आहे. चप्पल घालून की न घालता, हा प्रश्नही तिथे कुणी काढलेला नाही. अनवाणी 'उभं राहायला' म्हणून निघालात तरी चालत राहा असं मी म्हणतो, ते म्हणून.

अनवाणीपणाचं हे वेड नवं नाही. जर्मनीत बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप एकोणिसाव्या शतकात रुग्णांना दवाने भिजलेल्या गवतावरून चालायला लावत. जर्मनीचेच निसर्गोपचारक अडॉल्फ युस्ट यांच्या 'निसर्गाकडे परत चला' या विचारांनी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतच भारावले होते, आणि पुढे १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तिथे इलेक्ट्रॉनची भाषा नव्हती. माती, पाणी, ऊन, चालणं आणि हलकं जेवण, एवढंच.

पहिली पायरी : गोळ्यांबद्दल आज, आत्ता ठरवा

हे सगळ्यात आधी, कारण इथे चूक झाली तर पुढचं काही वाचून उपयोग नाही. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्या माणसाला साधारणपणे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या देतात, बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तिच्या जातीची दुसरी. स्टेंट नवा असताना त्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी अडकून मोठा झटका येऊ शकतो. 'अनवाणी चालल्याने रक्त पातळ होतं' हे ऐकून "मग गोळी कशाला?" असा प्रश्न दादाने मला विचारला होता. मी त्याला तिथल्या तिथे वहिनींसमोर शब्द द्यायला लावला, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवणार नाही.

वॉरफेरिन किंवा रक्त गोठू न देणारी तशी औषधं चालू असतील, पेसमेकर असेल, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना सांगा की मी असं करणार आहे. मातीवर चालायला ते नाही म्हणणार नाहीत. चटईचं मात्र वेगळं, त्याबद्दल खाली. आणि रक्त न गोठण्याची औषधं घेणाऱ्याच्या पायाला छोटीशी काच लागली तरी रक्त लवकर थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरी पायरी : पाय दिव्याखाली बघा

तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. टाचांना भेगा असतील तर आधी त्या भरून येऊ द्या. कोकणात आमच्याकडे कोकमाचं तेल, म्हणजे तो पांढरट घट्ट गोळा, थोडा ऊन करून रात्री भेगांत भरतात. पंधरा दिवसांत टाच मऊ होते.

मधुमेह असलेल्यांनी इथे थांबायचं. साखरेने पायांच्या नसा बधिर होतात, मग खडा रुतला, निखाऱ्यासारखी फरशी लागली तरी कळत नाही, आणि न कळलेल्या जखमेतून पाय गमावण्यापर्यंत वेळ येते. पायाची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्यांनी बधिरपणा सांगितला तर अनवाणी चालायचंच नाही. पाय धुऊन स्वच्छ ओटीवर किंवा अंगणात सारवलेल्या जमिनीवर खुर्ची टाकून तळवे टेकवून बसलात, कुणीतरी जवळ असलं, तर तेवढं पुरे.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर ते घेऊन ठेवा. गावाकडे, जिथे अजूनही उघड्यावर शौचाला बसतात अशा ओलसर जमिनीत अंकुशकृमी असतात. ते तळव्याच्या कातडीतूनच आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यातून पंडुरोग होतो, आणि रक्त फार कमी झालं की हृदयावरच ताण येतो. हृदयासाठी म्हणून निघालेल्या माणसाने तिकडची वाट टाळलेली बरी.

तिसरी पायरी : एक आठवडा फक्त मोजा

चप्पल काढण्याआधी सात दिवस बीपी मोजून लिहून ठेवा. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नाही. लघवी करून या. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, पाच मिनिटं न बोलता बसा. पट्टा हृदयाच्या उंचीवर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकी सहा दिवसांची सरासरी काढा. घरी मोजलेलं बीपी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते जास्त धरतात. आकडा तिथे असेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नसेल, तर अनवाणी चालण्याआधी दवाखान्याचा रस्ता धरा.

वही साधी घ्या. तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडी, रात्रीची झोप, आणि त्या दिवशी काही वेगळं झालं का. पापड-लोणच्याचं जेवण, भांडण, जागरण. बीपी त्यानेच हलतं.

चौथी पायरी : जागा

विजेच्या दृष्टीने बोलायचं तर ओली माती सगळ्यात चांगली वाहक. खारं पाणी मुरलेली वाळू तर फारच, त्यामुळे ओहोटीला समुद्राकाठची घट्ट ओली पुळण मिळत असेल तर दुसरं काही शोधू नका. दवाने भिजलेलं गवत, शेताचा बांध, सारवलेलं अंगण हे त्यानंतर. देशावरची काळी माती ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की तीच कोरडी आणि टोचरी. कोकणातला उघडा कातळ सुकला की जवळजवळ काहीच वाहू देत नाही, आणि दुपारी तापतो. जमिनीला लागून असलेलं काँक्रीट ओलं असेल तर बऱ्यापैकी चालतं. घराच्या पायातल्या सळयांचाच अर्थिंगसाठी वापर करण्याची पद्धत त्यावरच उभी आहे.

डांबर, लाकडी फळ्या, रबरी ट्रॅक, प्लास्टिकचं गवत यांचा उपयोग नाही. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या कुंडीत पाय ठेवूनही नाही, ती माती जमिनीला जोडलेली नसते. कोल्हापुरी चप्पल घालून चालेल का, असं बरेच विचारतात. कातडं कोरडं असताना फारसं नाही, दवाने-घामाने ओलं झालं की थोडंफार.

पण वाहकता ही दुय्यम गोष्ट. जागा निवडताना मी आधी काच, खिळे, काटे, कुत्र्यांची घाण बघतो. पहिले दोन दिवस चप्पल घालूनच पूर्ण वाट तुडवा आणि नजरेने झाडून घ्या. फवारणी झालेल्या शेतात जायचं नाही. आणि शेतपंपाच्या आसपास तर चुकूनही अनवाणी नको. ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी उभं राहून स्टार्टरला हात लावणारे शेतकरी मी पाहिलेत. पेटीचं अर्थिंग तुटलेलं असतं आणि माणूसच अर्थिंग होतो. ५० हर्ट्झचा प्रवाह छातीतून पाऊण-एक दशांश अँपिअर जरी गेला, तरी हृदयाचे ठोके थांबून ते नुसतं थरथरत राहू शकतं. जमिनीशी जोडलेलं शरीर विजेला सगळ्यात सोपी वाट देतं, ही अर्थिंगची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी कुणालाही चप्पल काढायला सांगत नाही.

अंधारात जाऊ नका. कोकणात फुरसं आणि विंचू, देशावर घोणस, पायाला दिसायला हवेत. लाल विंचवाची नांगी हृदयावरच जाते. सुरुवातीला उलटी, दरदरून घाम, हातपाय गार, आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगडातल्या रुग्णांवर काम करून प्राझोसिन नावाच्या बीपीच्या गोळीने हे प्राण वाचवता येतात हे दाखवलं, त्यांचे निबंध १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. म्हणून विंचू चावला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखान्यात जायचं.

पाचवी पायरी : पहिले तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं. सूर्य वर आल्यावर, दव अजून गवतावर असताना. थंडीत पहाटे अंधारात जायचा उत्साह हृदयाच्या माणसाने टाळावा. कडाक्याच्या गारठ्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. डोक्याला मफलर आणि पायात काही नाही, असं अजब रूप झालं तरी हरकत नाही, छाती-डोकं ऊबदार हवं.

पाऊल हळू टाका. बूट घालून आपण टाच आपटत चालतो, ती सवय मोडायला वेळ लागतो. छोटी पावलं, तळवा सपाट टेकवत. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं. पोटऱ्या दुखतील, ते ठीक आहे. टाचेखाली सकाळी उठताना कळ येत असेल तर दोन दिवस थांबा. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं होतात, आणि हृदयासाठी जगभर तेवढं चालणं सांगितलं जातं. अनवाणी तेवढं जमत नसेल तर दहा मिनिटं अनवाणी, वीस मिनिटं चपलेत. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग.

वारीत आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास अनवाणी जाणारे वारकरी पाहून कुणाला स्फुरण चढतं. त्यांचे तळवे शेतात तयार झालेले असतात. ऑफिसात बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर केले तर आठवडाभर फोड येऊन घरी बसावं लागतं.

परतल्यावर पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा बोटांनी चाचपा. खरचटलं असेल तर त्याच वेळी धुऊन औषध लावा.

चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक घाम, दम लागणं, यांतलं काही झालं तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करायला सांगा. मातीवर थोडं आडवं पडून बरं वाटतंय का बघू, असं करण्यात जी मिनिटं जातात ती परत येत नाहीत.

चटई घ्यायचीच असेल तर

विकणारा मल्टीमीटर घेऊन येतो. एक टोक अर्थिंगला, एक तुमच्या हातात, आणि मीटर दोन-तीन व्होल्ट दाखवतं. मग चटईवर हात ठेवायला सांगतो. आकडा शून्याजवळ. बघणाऱ्याला वाटतं, शरीरातून काहीतरी वाईट निघून गेलं. खरी गोष्ट अशी, की भिंतीतल्या वायरी आणि तुमचं शरीर यांच्यामध्ये हवा असते, आणि त्यातून कंडेन्सरसारखा थोडा दाब अंगावर उतरतो. त्यातला प्रवाह नगण्य. जमिनीला जोडलं की दाब शून्य होणारच, लोखंडी कपाटाचाही होतो. तुम्ही पलंग भिंतीपासून दोन फूट ओढा, उशाचा एक्स्टेंशन बोर्ड काढा, आकडा चटई न घेताच उतरेल. त्या आकड्याचा हृदयाशी संबंध आहे असं मीटर सांगत नाही.

तरीही घेणार असाल तर आधी माहितीच्या वायरमनला बोलवा. तो अर्थिंगचा पिट कुठे आहे ते पाहील, फेज (वीज आणणारी वायर) आणि अर्थिंगमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून बघेल. बल्ब लखलखीत पेटायला हवा. आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर ती त्याच क्षणी पडेल, ती पडणंही चांगलं लक्षण. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर चटई बाजूला ठेवा आणि आधी घर दुरुस्त करा. हे स्वतः करायला जाऊ नका. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी नसलेल्या घरात मी चटई लावू देत नाही, आणि खरं तर चटई नसली तरी ती प्रत्येक घरात असायलाच हवी.

मग चटईची वायर तपासा. प्लगच्या पिनपासून चटईच्या बटणापर्यंत मल्टीमीटरवर ओहम मोजले की एक लाखापासून दहा लाखांपर्यंत काहीतरी यायला हवं. तो आत बसवलेला रेझिस्टर. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात कामगार मनगटाला जो पट्टा बांधतात त्यातही हाच असतो. एक लाख ओहम असतील, तर पूर्ण २३० व्होल्ट आले तरी २.३ मिलीअँपिअरच वाहतात, मुंगी चावल्यासारखं होतं आणि जीव वाचतो. आकडा शून्याजवळ आला तर ती चटई परत करा. घरी तांब्याची वायर आणि पत्रा जोडून बनवलेली चटई तर घरात ठेवूच नका.

नळाच्या पाइपला, गॅसच्या पाइपला, इमारतीच्या तडितरोधकाच्या पट्टीला जोडायचं नाही. खिडकीतून सळी बाहेर मातीत ठोकली असेल तर ढग आले की ती सुटी करायची.

फरक पडला की नाही, हे कसं ओळखायचं

दोन आठवडे चप्पल घालून चाला, पुढचे दोन अनवाणी. वाट तीच, वेळ तीच, मिठाचं प्रमाण तेच, औषधं तीच. मग उलट क्रमाने पुन्हा. मे महिन्यातले चपलेचे आकडे डिसेंबरमधल्या अनवाणी आकड्यांशी जोडू नका, थंडीत बीपी एरवीही वाढतं. चांगल्या मशीनमध्येही ३ आकड्यांची चूक गृहीत असते आणि एकाच माणसाचं बीपी दिवसाला सहज १० ने हलतं. म्हणून सरासरीत ५ पेक्षा कमी फरक असेल तर तो फरक म्हणू नका.

दादाने हे आठ आठवडे न चुकवता केलं. चालायला लागण्याआधी त्याची सरासरी १४६/८८ होती. चपलेचे आठवडे १३८/८४, अनवाणीचे १३६/८४. म्हणजे उतरलं ते चालण्याने आणि वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी, मातीने वेगळं काही केलं असं या वहीवरून दिसत नाही. दादाने वही पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी चप्पल घरीच ठेवून निघाला. गवतावर पाय टेकला की लहानपणी आजीबरोबर पाणी भरायला जायचो ते आठवतं, म्हणाला. रोज घराबाहेर पडायला त्याला ते कारण पुरतं, आणि मलाही ते पुरेसं वाटतं.

पावसाळा

रोहिणी-मृगाच्या सरी आणि परतीचा पाऊस, या दोन वेळांना विजा जास्त. विदर्भ-मराठवाड्यात दर वर्षी शेतात माणसं आणि जनावरं त्याने दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेलं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये ठेवा. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. अगदीच उघड्यावर सापडलात तर झाडाखाली जाऊ नका, आडवे पडू नका, पाय जुळवून उकिडवे बसा. वीज जमिनीत शिरली की जमिनीवर दोन ठिकाणी दाब वेगळा असतो, पाय फाकलेले असतील तर तो अंगातून वाहतो. गाईबैल जास्त मरतात ते पुढच्या-मागच्या पायांत अंतर असतं म्हणून.

आषाढ-श्रावणात चिखल, जळवा, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, यामुळे आम्ही अनवाणी चालणं थांबवतो आणि बंद बुटांत, नाहीतर घराच्या पडवीत फेऱ्या मारतो. बीपीची वही चालूच राहते. दसरा झाला, गवतावर पहिलं दव दिसलं, की दोन दिवस वाट नजरेने झाडून घ्यायची आणि पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू करायचं. तळवे तोपर्यंत मऊ झालेले असतात.